डाव मोडू नये म्हणून

घर सोडताना माणसाने बरोबर काय न्यावे, याविषयी प्रत्येक घराण्याचे काही संकेत असतात. होळकरांच्या चाकरीसाठी वाई सोडून माळव्यात उतरलेल्या आमच्या पूर्वजांनी देवांचा संपुट, दोन पोथ्या आणि एक थोरले पितळी पातेले एवढेच आणले, असे घरात सांगत आले आहेत. पातेले अद्याप आहे. पोथ्यांचा फडशा कसरीने पाडला. पुढे आमच्या वाट्यास राज्यशासनाची नोकरी आली आणि चौतीस वर्षांत अकरा बदल्या झाल्या. जोबट, मनावर, गरोठ अशी गावे मागे टाकता टाकता सामान कमी कसे करावे, ही विद्या आम्हांस चांगलीच अवगत झाली. पलंग वाटून टाकले, कपाटे विकली, पुस्तके इंदूरच्या घरी ठेवली. एक वस्तू मात्र प्रत्येक बदलीत ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसली. ती म्हणजे आजोबांचा बुद्धिबळाचा कापडी पट.

जाड्याभरड्या कापडावर तांबड्या दोऱ्याने शिवलेली चौसष्ट घरे, असे त्याचे साधे रूप. घरांना काळा-पांढरा रंग नाही. जुन्या देशी पटांवर तो बहुधा नसेच. रेषांनी घरे आखली की काम भागे. गुंडाळला तर हा पट सदऱ्याच्या खिशात मावे आणि मोहरे एका कसाच्या पिशवीत जात. आजोबा देशी पद्धतीने खेळत. त्यांचे प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, आणि आम्ही याच पटावर शिकलो. शाळेत गेल्यावर विलायती नियम कळले आणि ते आम्ही उत्साहाने घरी आणले. आजोबांना ते रुचले नाहीत. प्याद्याने आरंभीच दोन घरे धावावे हा त्यांना उतावळेपणा वाटे.

पट बरोबर घेऊन हिंडण्याची चाल आपल्याकडे नवी नाही. प्रेमचंदांच्या १९२४ मधील ‘शतरंज के खिलाड़ी’ या कथेतील मिर्झा आणि मीर हे दोघे नवाबी लखनौचे सरदार. घरात खेळणे अशक्य झाल्यावर ते पट घेऊन गोमतीपलीकडच्या एका ओसाड मशिदीत जाऊन बसतात. राज्य बुडत असताना डाव मांडून बसणाऱ्यांची ती कथा आहे, आणि तिच्यातला बोध आम्हांस मान्यच आहे. तथापि कथा वाचताना दर वेळी आमचे लक्ष त्या पटाकडे जाते. राज्य गेले, हवेली सुटली, तरी समोरासमोर बसण्याची एक हातभर जागा त्या दोघांनी बगलेत मारून नेली होती. सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट केला. त्यात मोहरे नाहीसे झाल्यावर हे महाभाग भाजी-मसाल्याच्या जिनसा पटावर मांडून खेळू लागतात. खेळणाऱ्यास साधन कमी पडत नाही, हे खरे. परंतु ज्याचा एक हात बांधलेला आहे आणि डोळे शिणलेले आहेत, त्याला साधन नेमकेच लागते, हे आम्हांस पुढे कळले.

दादा बँकेच्या नोकरीत बडोद्यास गेले आणि तेथलेच झाले. वर्षातून दोनदा गाठ पडे. गाठ पडली की रात्री जेवणानंतर पट निघे. वहिनी हयात होत्या तोवर बाराच्या ठोक्याला दिवा मालवीत, म्हणून डाव थांबत असे, एरवी नव्हे. दोन वर्षांपूर्वी दादांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले. आता आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, डायलिसिस. डाव्या हातात दोन सुया असतात. तो हात त्या वेळात हलवायचा नाही. शेजारी यंत्र फिरत असते, भिंतीवर दूरदर्शन संच चालू असतो आणि ओळीने मांडलेल्या पलंगांवरील माणसे छताकडे पाहत असतात. पहिल्या भेटीत दादा म्हणाले, “वाचवत नाही रे, अक्षरं हलतात. झोपही येत नाही. चार तास बोलायचं तरी काय? पट का नाही आणलास?”

पुढच्या वेळी आम्ही आजोबांचा पट नेला. पलंगावर सरकणाऱ्या जेवणाच्या मेजावर तो पसरला. पण कापडच ते. दादांचा उजवा हात पलीकडच्या हत्तीकडे वळला, बाहीला सुरकुती लागली आणि पाच-सहा मोहरे घरंगळत खाली गेले. एक उंट यंत्राच्या चाकांमागे सापडला. परिचारिकेने तो हसतमुखाने काढून दिला; परंतु तिच्या कामात असा व्यत्यय पुन्हा आणणे योग्य नव्हते. डाव अर्थातच मोडला. दादांची बाजू वरचढ होती, याचा उल्लेख त्यांनी त्या दिवशी तीन वेळा केला.

पुतण्याने फोनचा उपाय सुचविला. फोनला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तो डाव जपून ठेवतो, चुकीची चाल करू देत नाही, खिशात राहतो. गुकेश २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूर येथे जगज्जेता झाला आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. ही पिढी यंत्राच्या सोबतीने अभ्यास करीतच एवढी उंच गेली आहे. दादांनीही फोनवर दोन डाव खेळून पाहिले. मग फोन परत देत म्हणाले, “यात तू कुठं दिसतोस? मी काचेशी खेळतोय.” शिवाय त्यांचे बोट कापते. काचेवर बोट जरा सरकले की मोहरा भलत्याच घरी जाई.

शासकीय नोकरीत खरेदीपूर्वी निकष लिहून काढण्याची सवय लागते. आम्ही ते काढले. पट मेजावर मावावा, म्हणजे फूटभराहून मोठा नसावा. एका हाताने मोहरा उचलता आणि ठेवता यावा. दुसऱ्या हाताने पट धरून ठेवावा लागू नये. धक्का लागला तरी मोहरे जागचे हलू नयेत. राजा-वजीर आणि उंट-प्यादे चष्म्याशिवायही ओळखू यावेत. पट लाकडी असावा. या शेवटच्या अटीत हौस नव्हती. डायलिसिस चालू असता दादांना थंडी वाजते. धातूचा मोहरा त्यांच्या बोटांना बोचतो, लाकडाचा बोचत नाही. सहावा निकष दादांनीच घातला, आणि तो सर्वांत कठीण निघाला. चार तास संपले आणि डाव संपला नसेल, तर तो तसाच्या तसा राहिला पाहिजे.

इंदुरात राजवाड्याच्या आसपासची क्रीडासाहित्याची दुकाने पालथी घातली. घडीचे लोहचुंबकी पट पुष्कळ होते, बहुतेक प्लॅस्टिकचे. लाकडी म्हणून जो मिळाला तो सात इंचांचा. त्याचे घर जेमतेम पाऊण इंचाचे, आणि उंट व प्यादे यांत फरक एवढाच की उंटाच्या डोक्यावर एक खाच. दुसरा दहा इंचांचा पट टपालाने मागविला. अमृतसर हे लाकडी बुद्धिबळाच्या कारागिरीचे आपल्याकडील मोठे केंद्र आहे आणि तेथील सुबक मोहरे परदेशी जातात, हे ठाऊक असल्याने आशा मोठी होती. आला तो पट कोठल्या कारागिराचा होता कोण जाणे! विक्रेत्याच्या चित्रात तो देखणा होता. प्रत्यक्षात आठ दिवसांत तीन प्याद्यांच्या तळचे चुंबक निखळले आणि पटालाच चिकटून बसले. तक्रारीला उत्तर आले की, वस्तू ‘शोभेसाठी’ आहे.

या शोधात बुद्धिबळाच्या साहित्याविषयी जे वाचण्यात आले, त्याने मात्र अडचण उलगडली. पटाचा एक जुना दंडक असा की, प्याद्याच्या बुडाच्या दुप्पट घराची बाजू असावी, म्हणजे एका घरात चार प्यादी बरोबर बसतात. स्पर्धेच्या पटाचे घर पाच ते सहा सेंटीमीटर आणि राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो. हे प्रमाण राखून सर्व काही निम्म्यावर आणले, तर दहा-अकरा इंचांत डोळ्यांना सुखावह पट बसतो. सातइंची पट फसतो तो लहान असतो म्हणून नव्हे. तो लहान करताना मोहऱ्यांची आकृती पुसली जाते म्हणून.

खरी अडचण घडीत होती. नेहमीचे पट घरे बाहेर ठेवून मिटतात आणि मोहरे पोटात घेतात, म्हणजे मिटायचा तर आधी डाव मोडावाच लागतो. उलट, घरे आत ठेवून मिटायचे, तर दोन्ही बाजूंचे राजे-वजीर एकमेकांवर आदळू नयेत एवढी खोली हवी, आणि मग पटाची पेटी होते. लंडनच्या जेक्स या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘इन स्टॅटू क्वो’ या नावाचा प्रवासी पट विकला. नावाचा अर्थच ‘होते त्या स्थितीत’. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला खुंटी, प्रत्येक घराला भोक आणि आतून अडकवणारी योजना. त्यामुळे मोहरे उभे असतानाच पट मिटत असे. आगगाडी आणि आगबोट यांच्या त्या काळात अर्धा डाव घेऊन उतरणारे प्रवासी पुष्कळ असले पाहिजेत. त्याहून नवलाचा पट १९७० च्या जूनमध्ये अंतराळात गेला. सोयूझ-९ यानातील निकोलायेव आणि सेवास्त्यानोव या रशियन अंतराळवीरांनी पृथ्वीवरील सहकाऱ्यांशी एक डाव खेळला. वजन नाहीसे झालेल्या त्या जागी मोहरे तरंगू नयेत म्हणून ते पटातील खाचांमधून सरकवीत न्यावयाचे होते. डाव बरोबरीत सुटला.

खुंट्यांचा पट दादांच्या कामाचा नव्हता. कापत्या बोटांनी भोक शोधणे हे त्यांना मोहरा ठेवण्याहून अवघड गेले असते. म्हणून घडीचा नाद सोडला आणि न मिटणारा पट व त्यावर उंच झाकण, असा बेत केला. पंचपाळ्याचे झाकण जसे वाट्यांवर बसते तसे हे झाकण सोंगट्यांवर बसावे, एवढेच. आमच्या गल्लीतील सुताराने, ज्याच्या वडिलांनी आमच्या देवघराचे काम केले होते, ही कल्पना लगेच उचलली. अकरा इंच चौरसाची सागाची चौकट. आत लोखंडी पत्रा. त्यावर शिसम आणि शिवण यांच्या पातळ चकत्यांची घरे, सव्वा-सव्वा इंचाची. चकत्या पातळच हव्यात, कारण लोहचुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. जाड लाकडाचे देखणे पट धक्क्याला दाद देतात ते यामुळेच. चुंबक फार जोरकस घ्यावेत तर तेही चालत नाही. शेजारचे मोहरे एकमेकांना ओढू लागतात. सुताराने तीन जातीचे चुंबक लावून पाहिले आणि पट भिंतीसारखा उभा धरून, एकही मोहरा ओघळत नाही अशी खात्री करून घेतली. खाली एक उथळ खण काढला आणि बुडाला हिरवी बनात लावली, म्हणजे मेजावरून पट घसरू नये.

मोहऱ्यांसाठी आम्ही बुधनीस गेलो. नर्मदेच्या उत्तर तीरावर, भोपाळ-इटारसी मार्गावर, नर्मदापुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादच्या पलीकडे हे गाव आहे. दुधीच्या पांढऱ्या, मऊ लाकडावर लाखेचे रंग चढविलेली येथली खेळणी दौऱ्यावर असताना आम्ही घरी अनेकदा नेली होती. लाकूड यंत्रावर फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. कारागिराने नमुना पाहिला, बोटांत फिरविला आणि म्हणाला, “साहब, सब बन जाएगा, घोड़ा नहीं बनेगा।” त्याचे म्हणणे अगदी योग्य होते. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादे ही सारी फिरत्या लाकडातून उतरतात, कारण ती चहूबाजूंनी सारखी असतात. घोड्याला मात्र पुढे तोंड आहे आणि मागे आयाळ आहे. तो कोरावाच लागतो. चांगल्या संचात सर्वांत महाग मोहरा तोच असतो, तो यामुळे.

अठ्ठावीस मोहरे बुधनीत झाले, निम्मे तांबडे, निम्मे पिवळे. काळा-पांढरा आग्रह आम्ही धरला नाही. दादांच्या डोळ्यांना तांबडा-पिवळा भेद अधिक स्पष्ट दिसतो. घोडे आधीच्या दोन निकामी पटांतून घेतले. दहाइंची पटाचे दोन पिवळ्यांच्या सैन्यात भरती झाले आणि सातइंची पटाचे दोन तांबडा रंग चढवून दुसऱ्या बाजूस गेले. परिणामी तांबडे घोडे पिवळ्यांहून अर्ध्या बोटाने ठेंगणे आहेत. दादा त्यांना भीमथडीचे तट्टू म्हणतात आणि हट्टाने तांबडी बाजूच घेतात.

हा संच प्रथम मेजावर ठेवला त्या दिवशी शेजारच्या पलंगावरील गुजराती गृहस्थांनी मान वळवून विचारले, “ऊंट कयो?” तेव्हापासून ते आमचे कायमचे प्रेक्षक आहेत. त्यांना खेळ पुरता येत नाही, परंतु कोणाचे प्यादे गेले की हळहळ नेमकी व्यक्त करतात. पहिल्या तासात दादांचा खेळ चपळ असतो. तिसऱ्या तासाला रक्तदाब उतरू लागला की चाली लांबतात. आम्ही घाई करीत नाही. कधी ते मोहऱ्यावर बोटे ठेवून डोळे मिटतात आणि ते विचार करीत आहेत की थकले आहेत, हे आम्हांस कळत नाही. अशा वेळी पटाकडे पाहत राहणे, हीच आमची चाल असते. नुसते पलंगाशेजारी बसलो असतो, तर चेहऱ्याकडे पाहावे लागले असते आणि त्यांना ते आवडले नसते.

सहावा निकषही पार पडला. पूर्वी मोठ्या स्पर्धांत डाव एका दिवसात न संपल्यास ज्याची पाळी असेल तो खेळाडू आपली चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी. पंच तो लिफाफा जपून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी फोडी. संगणक बलवान झाल्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मागे पडली, कारण रात्रभर यंत्राला विचारण्याची सोय झाली. आम्ही दोघांनी ती पुन्हा सुरू केली आहे. सीलबंद लिफाफ्यांतच आयुष्य गेलेल्या आम्हांस त्याचे अप्रूप नाही, पण दादांना आहे. चार तास भरत आले की ज्याची पाळी, तो चाल लिहितो, लिफाफा चिकटवितो, जोडावर सही करतो आणि खणात ठेवतो. झाकण बसते. मग पट दुसऱ्याच्या हवाली होतो. त्यामुळे तो कधी बडोद्यास राहतो, कधी अवंतिका एक्सप्रेसने आमच्याबरोबर इंदुरास येतो. गाडीत आम्ही तो मांडीवर घेऊन बसतो. सहप्रवासी विचारतात, मिठाई आहे काय?

घरी पट मेजावर उघडून ठेवतो. आमच्या सौभाग्यवती धूळ झटकताना त्याला हात लावीत नाहीत. दादांनी काय लिहिले असेल, याचा विचार करीत महिना जातो. एका स्थितीला तीन-चार उत्तरे संभवतात. त्या प्रत्येकाला आमचे प्रत्युत्तर काय, हे वहीत लिहिले जाते. रोज रात्री फोनवर प्रकृतीची विचारपूस होते. ती लवकर आटोपते, कारण त्या विषयात दोघांसही सांगण्यासारखे नवे काही नसते. उरलेला वेळ दादा आमची वही कोठवर आली याचा अंदाज घेण्यात घालवितात, आणि चालीचा सुगावा देत नाहीत.

सध्या पट इंदुरास आहे. एकतिसाव्या चालीवर डाव थांबला असून तांबड्यांची पाळी होती. म्हणजे खणातला लिफाफा दादांचा आहे. गेल्या मंगळवारी त्यांचा रक्तदाब बराच खाली गेला, यंत्र मध्येच थांबवावे लागले आणि त्यांना रात्रभर तेथेच ठेवले. सूनबाईने सकाळी फोन करून सांगितले की, आता बरे आहेत, जाऊबाईंना आणि तुम्हांला काळजी करू नका म्हणाले आहेत. मग तिने फोन दादांकडे दिला. आवाज खोल गेला होता. आम्ही म्हटले, “दादा, शनिवारऐवजी उद्याच निघतो.”

“नीघ,” ते म्हणाले. “लिफाफा फोडला नाहीस ना?”

आम्ही नाही म्हटले. तिकीट काढले आहे. झाकणाची कडी दोनदा तपासली आहे, आणि वहीत एक उत्तर आणखी लिहून ठेवले आहे.